तळहाताएवढा उघडा पत्रा

गाडीच्या दाराला डाव्या हाताचा अंगठा टेकवायचा, उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने एकदाच ठक् करायचं आणि म्हणायचं, "बोल." मग डोळे मिटून उभं राहायचं. समोर गाडीचा मालक घाईत असो की तालुक्याचा साहेब असो, चाचांचं ऐकणं संपेपर्यंत कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. कुणी तोंड उघडलंच, तर डोळे न उघडता म्हणत, "तुम्ही नोका बोलू, साहेब. तुमचं मंग आयकतो. आधी तिले बोलू द्या."

वडशाच्या धान-गोदामांमागे एक गल्ली आहे. तिथे टिनाच्या शेडमध्ये त्यांचं दुकान होतं. पाटीवरचं बाकी सगळं उडून 'सीट कव्हर' एवढीच अक्षरं उरली होती. चाचांचे वडील पिंजारी. धनुकली खांद्याला लावून गावोगाव गाद्या पिंजत हिंडायचे. घरोघर फोमच्या गाद्या आल्या आणि तो धंदा बसला. चाचा सीट कव्हरं शिवू लागले, आणि त्यातून गाडीतला आवाज मारण्याच्या कामाला लागले. आमच्या भागात हे काम करणारं दुसरं कुणी नव्हतं. चंद्रपूरहून, गडचिरोलीहून लोक गाड्या घेऊन यायचे.

"धनुकलीच्या तातीचा आवाज आयकत आयकत लहानाचा मोठा झालो मी, बाई," ते म्हणायचे. "ढिली का कसलेली, ते बाप मले पाठ फिरवाले लावून इचारे. चुकलं का पाठीतच धपाटा."

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. राहायला वडशात, आणि माझी गावं कुरखेड्याच्या पुढे, जंगलातली. एका तापानंतर माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजू लागली. बारीक, एकसुरी, कधीच न थांबणारी. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, शिट्टी जाईल असं खात्रीने सांगता येत नाही, पण गोंगाट टाळा. माझी गाडी जुनी, दोन हातांतून आलेली. तिच्यात बसलं की धान भरडायच्या गिरणीत बसल्यासारखं वाटे. संध्याकाळी घरी आले की माझं डोकं भणभणायचं. नोकरी सोडावी का, इथपर्यंत विचार गेला होता. अशात कुणीतरी चाचांचं नाव सांगितलं.

त्यांच्या शेडमध्ये एका तारेवर पाच पत्र्याची झाकणं टांगलेली होती. सगळी एकाच मापाची. एक कोरं आणि बाकी चारांच्या पाठीवर काही ना काही चिकटवलेलं.

"पाठ करा माह्याकडे," चाचा म्हणाले. मी निमूट पाठ केली. त्यांनी एकेक झाकण वाजवलं. पहिलं खणखणलं. दुसरं जरा दबलं. तिसरं लाकडासारखं वाजलं. चौथं आणि पाचवं सारखंच वाटलं.

"कोन्तं चांगलं?"

"तिसरं."

"कान शाबूत आहे तुमचा," ते हसले. "शिट्टी वाजते तं वाजू द्या."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं, अगदी वैद्याने पथ्य सांगावं तसं. गाडीत आवाज तीन, पत्र्याचा, रस्त्याचा आणि हवेचा. तिघांची दवा वेगळी. पत्रा थरथरतो त्याला चांदीच्या कागदाची रबरी शीट. ती सगळीकडे लावायची गरज नाही, मधोमध लावून लोखंडी बेलण्याने दाबून बसवायची. रस्त्याचा घरघराट खालून येतो, त्याला जमिनीवर आणि चाकांच्या कमानींवर जड रबर. हवेला फोम आणि दाराची नवी रबरं. दुसऱ्या झाकणाला डांबरी शीट होती. ती स्वस्त म्हणून लोक मागतात, असं ते म्हणाले. "पन आपल्या इथचा मे महिना पायला ना तुम्ही? डांबर रडते, बाई. टपटप रडते, अन् गाडीत मसनवटीसारखा वास येते." पाचव्या झाकणाला नमदा होता, लोकर दाबून केलेलं जाड कापड. तो त्यांचा सगळ्यात लाडका. पण तो फक्त छताला. खाली लावला तर पावसाळ्यात पाणी पिऊन कुजतो.

"गाडी पूरी सुन्न करा," मी म्हणाले. "मला काही म्हणजे काही ऐकू यायला नको."

चाचांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "पूरी मी नाई करत. तळहाताएवढी जागा सोडत असतो. डायवरच्या पायाजवळ."

"का?"

"अशीच आदत आहे माही," म्हणून त्यांनी विषय तोडला.

काम सुरू करण्याआधी गाडी ऐकायची म्हणून ते माझ्यासोबत निघाले. मार्च महिना, सकाळचे अकरा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहाची फुलं पडलेली. मी गाडी चालवत होते आणि चाचा, साठीचा माणूस, मागच्या सीटखालच्या पत्र्याला कान लावून आडवे झाले होते. हातात खडू. कुठे फुली मारत, कुठे गोल. समोरून येणाऱ्यांना गाडीत मी एकटीच दिसत असणार, आणि मी मात्र मोठ्याने बोलत होते. वळणावर भेटलेल्या माझ्या एका सेविकेने दुसऱ्या दिवशी विचारलंच, "म्याडम, तब्येत ठीक आहे ना?"

कुरखेडा जवळ येत असताना मागून त्यांचा आवाज आला. "जरा धीरे. हां, एवढंच. आता असंच चालू द्या."

थोड्या वेळाने म्हणाले, "इथी कोनी आहे."

"कोण?"

"काहीतरी आहे, म्हनलं मी," त्यांनी वाक्य दुरुस्त केलं. पण आवाज तोच राहिला नव्हता.

मग मलाही ऐकू आलं. मागच्या डाव्या दारातून. टक् टक् टक्, मग थांबणं, मग पुन्हा टक् टक्. सैल पत्रा असा वाजत नाही. सैल पत्रा रस्त्याच्या खड्ड्यांबरोबर वाजतो. हे खड्डा नसतानाही वाजत होतं, आणि खड्डा आला की थांबत होतं. जणू कुणी तोल सावरायला हात बाजूला घेतला असावा.

दुकानात आल्यावर त्यांनी ते दार खोललं. आतलं पॅड काढलं, बॅटरीचा झोत टाकला आणि तळाशी हात घातला. बाहेर आलं ते लहान मुलीचं पैंजण. चांदीचं, काळं पडलेलं, एकच घुंगरू उरलेलं. खिडकीच्या काचेच्या फटीतून कधीतरी आत पडलं असणार. मी सुटकेने हसले. "बघा, हेच वाजत होतं."

चाचा हसले नाहीत. त्यांनी ते हातावर घेऊन हलवलं. किणकिण झाली. मग दाराच्या पत्र्यावर पेराने ठोकलं. टक्. पुन्हा पैंजण हलवलं. "हे येगळं, ते येगळं," ते म्हणाले. "पन हे आधी ज्याचं आहे त्याले द्या लागते. नाई तं मी हे दार बंद नाई करत."

मी वैतागले, पण दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. गाडी ज्यांच्याकडून आली होती ते कुरखेड्याजवळच्या एका गावातले निवृत्त गुरुजी. ओसरीत बसवलं, पाणी दिलं. पैंजण पाहून म्हणाले, "आमच्या घरी लहान पोरगीच नाई. दोन पोरं, दोघंही पुण्याले. आम्हीही ही गाडी नागपुरातून जुनीच घेतली होती. आधी कोनाची, काय माहीत."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. त्यांची नजर चाचांच्या तळहातावर गेली. चहाचं ताट त्यांनी होतं तिथेच खाली ठेवलं.

"आता कोन आयकते?" त्यांनी विचारलं.

मला क्षणभर कळलं नाही. मग मी म्हणाले, "मी. काल ऐकलं."

"मले वाटलं, गाडी इकली का सुटलं," बाई खाली बसल्या. "ह्यायले कधीच नाई आलं आयकू. म्हनत, बुढी झाली, कानात वारं भरते. मीच बसो ना समोर, ह्यायच्या बाजूले. मागून ठोके. जोरात नाई. आपल्याले बोलवाले ठोकते ना मानूस, तसं." त्यांनी अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. "मंग मी मागच्या सीटवर मुरमुऱ्याची पुडी ठेवत जाओ. त्या दिवशी नाई ठोके."

गुरुजी संकोचून हसले. चाचांनी पैंजण पुढे केलं, पण बाईंनी हात मागे घेतला. "तुम्हीच ठेवा, भाऊ. मी नाई घेत."

परतताना चाचा पुढे बसले. पैंजण त्यांनी रुमालात बांधलं. मी आरशात मागची सीट पाहिली नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी मनात दोन-तीनदा म्हटल्याचं आठवतं.

चार दिवस काम चाललं. सीटा बाहेर, चटया बाहेर, गाडीचा नुसता सांगाडा. चाचा आत मांडी घालून बेलणं फिरवत. शेवटच्या दिवशी मी गेले तर ड्रायव्हरच्या पायाजवळची ती जागा मोकळी होती. मी हट्टाला पेटले. म्हटलं, कान माझा आहे, त्रास माझा आहे, गाडी माझी आहे. तुमच्या सवयीपायी मी अर्धवट काम का घेऊ? आज ते शब्द आठवले की लाज वाटते. चाचांनी एक तुकडा कापला, जागेवर बसवला आणि बेलणं फिरवलं.

"झाली सुन्न," ते म्हणाले, आणि हात पुसायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुरखेड्याच्या पुढच्या गावांकडे निघाले. काचा वर केल्या आणि बाहेरचं जग बंद झालं. इंजिन चालू आहे की नाही, हे काट्याकडे पाहून कळत होतं. बाहेर बांबू हलत होते, पण सळसळ नव्हती. एक म्हातारा बैलगाडी हाकताना तोंड उघडून ओरडला, त्याचं तोंड तेवढं दिसलं. माकडं रस्ता ओलांडून गेली, सावल्या गेल्यासारखी. सुरुवातीची दहा मिनिटं मला स्वर्गात असल्यासारखं वाटलं.

मग शिट्टी वाढली. म्हणजे ती वाढली नसावी, पण आता तिला झाकायला काही उरलं नव्हतं. डाव्या कानातून ती डोक्यात पसरली, डोळ्यांच्या मागे गेली. मला माझे दात एकमेकांवर घासलेले ऐकू येऊ लागले. गिळताना घशाचा आवाज. छातीतले ठोके. त्या गाडीत माझ्याशिवाय दुसरा कसलाच आवाज नव्हता, आणि माझे आवाज मला ओळखीचे वाटत नव्हते.

आणि मग मागून ठोका आला.

टक् टक् टक्. थांबणं. टक् टक्.

पैंजण दारात नव्हतं. दार मी स्वतः बंद होताना पाहिलं होतं. त्याच्या आतल्या पत्र्यावर रबर, रबरावर फोम. तिथे वाजण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. पुन्हा आलं, या वेळी घाईघाईने, आणि सीटच्या पाठीवर. माझ्या पाठीला ते जाणवलं. मी ब्रेक दाबला, गाडी रस्त्यातच उभी केली आणि दार उघडून बाहेर पडले. पळालेच म्हणा ना.

बाहेर उभी राहिले आणि मला जंगल ऐकू आलं. कडाड, कडाड. बांबू मोडत होते. एक नाही, एकाच वेळी अनेक. समोरच्या वळणापलीकडून, पन्नास पावलांवरून. मग फुस्स असा मोठा श्वास. आमच्या भागात काही वर्षांपासून हत्तींचा कळप फिरतो, हे तुम्ही वाचलं असेल. मी गाडीच्या आडोशाला खाली बसले. वळणावर आधी एक सोंड दिसली, मग राखाडी पाठी, एकामागून एक. मध्ये एक पिल्लू. ते रस्त्याच्या मधोमध थांबलं, आणि आई त्याला ढकलेपर्यंत तिथेच उभं होतं. मी थांबले नसते तर वळण घेऊन नेमकी त्यांच्यात शिरले असते. आत बसून बांबूचा एक कडाका मला ऐकू आला नसता.

कळप गेल्यावर बऱ्याच वेळाने मी उठले. मागचं दार उघडून पाहिलं. सीटवर कुणी नव्हतं. का कोण जाणे, मी दार हळूच लावलं, आपटलं नाही.

चाचांकडे गेले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहून बाकडं पुढे सरकवलं. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, तसेच, डोळे मिटून. मग बेलणं हातात फिरवत बोलू लागले.

"माही एक व्हॅन होती, बाई. मागं माल, समोर मी, मधात पत्र्याची भिंत. म्हनलं, लोकाले दाखवाले नमुना पायजे. अशी सुन्न केली, का बसनारा म्हने, चाचा, कबरीत बसलो का काय. मे महिन्यातली गोष्ट. दुपारी घरवालीले दमा उठला. घरी दुसरं कोनी नाई. मागं गादी टाकली, तिले लेटवली, अन् निघालो ब्रम्हपुरीले. रस्त्याने एक आवाज नाई. मले वाटलं, झोप लागली तिले. खरं सांगू? मी खुश होतो. म्हनलं, काय मस्त गाडी बनवली आपन. तिले जराही तरास नाई होऊन राह्यला."

त्यांनी बेलणं खाली ठेवलं.

"दवाखान्यासमोर मागचं दार खोललं. भिंतीवर धूळ होती ना, त्या धुळीवर तिच्या बोटांचे निशान. वरून खालपर्यंत. बांगड्या फुटलेल्या. ठोकत होती ती, बाई. मले बोलवत होती. किती येळ, ते मले मालूम नाई. एका हाताचं अंतर होतं आमच्या मधात, फक्त एक हात."

गोदामांकडून हमालांचे आवाज येत होते. चाचा उठले, माझ्या गाडीत शिरले, चटई उचलली आणि ड्रायव्हरच्या पायाजवळचा तो तुकडा चाकूने खरवडून काढला. तळहाताएवढा पत्रा पुन्हा उघडा झाला.

"रस्त्याले अंदर येऊ द्या थोडा," ते म्हणाले. "गाडी पूरी बंद केली का मानूस आपल्यालेच आयकत बसते. अन् बाकीच्यायनं कुठून बोलाव मंग?"

मी विचारलं, "ते पैंजण?"

"ठेवलं मी."

"कुठे?"

"माह्या घरवालीच्या बाजूले जागा होती कबरस्तानात. थोडीशी माती काढली, ठेवून देलं. लहान पोरगी आहे, एकटी फिरत होती." हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की मी मान डोलावली. "आमाले पोरगी नाई झाली. तिले लय हौस होती."

त्यानंतर मागून ठोका कधी आला नाही. त्या उघड्या जागेतून रस्त्याची बारीक घरघर आत येते, आणि तिच्या आडोशाला माझी शिट्टी पडून राहते. मी नोकरी सोडली नाही. लांबच्या गावाला निघाले की कधीकधी मुरमुऱ्याची पुडी घेते. मागच्या सीटवर ठेवते, आणि गावात पोचल्यावर अंगणवाडीतल्या मुलांना वाटून टाकते. कुणी विचारलं तर सांगते, मुलांसाठीच घेतली.

पावसाळ्यात चाचा गेले. छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं संपलं. मला कळलं तेव्हा आठ दिवस उलटले होते. आता त्या शेडमध्ये पाण्याच्या मोटारी दुरुस्त होतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वडशाच्या रेल्वे फाटकावर, ते जाण्याच्या महिनाभर आधी. कोळशाची मालगाडी जात होती. लांबलचक, संपता संपत नव्हती. जमीन हादरत होती. फाटकाशी थांबलेल्या बायांनी पदर कानांवर घेतले होते, मोटारसायकलवाल्यांनी बोटं घातली होती. चाचा सायकल धरून सगळ्यांच्या पुढे, फाटकाच्या अगदी दांड्याशी उभे होते. मान वर केलेली, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर ऊन घेत असल्यासारखं समाधान. शेवटचा डबा गेला, फाटक उघडलं, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. लोक त्यांना वळसा घालून पुढे जाऊ लागले. मीही गाडी त्यांच्या बाजूने काढली. हाक मारावी म्हणून काच खाली केली, पण मारली नाही. ते तसेच उभे होते, आणि मालगाडी गेली त्या दिशेला त्यांचा चेहरा हळूहळू वळत होता.